माफीच्या चार ओळी

"अय्या! तुम्ही अजून आहात?" ओळखपत्रावरचं प्रवेशाचं साल वाचून ती पोरगी बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. परीक्षेच्या आठवड्यात विद्यार्थी संघाची मुलं ग्रंथालयासमोर तंबू ठोकून फुकट खाणं वाटतात, ते घ्यायला बोराम रांगेत उभी होती. मागे ही लांबलचक रांग, सगळे कोवळे, तोंडातून वाफा सोडणारे. ते सगळे एकदम गप्प झाले असं बोरामला वाटलं. खरं तर कुणाचं लक्षही नसेल. "तसं नाही हो ताई," ती पोरगी कमरेत वाकत म्हणाली, "आमच्यात तुमच्या सालाचं कुणीच नाही, म्हणून आपलं... तुम्ही दोन घ्या ना. घ्या, घ्या!" आणि तिने किंबापची, म्हणजे शेवाळाच्या पापुद्र्यात वळलेल्या भाताची, एक सोडून दोन पाकिटं बोरामच्या हातावर ठेवली. बोरामने ती घेतली. वर हसलीसुद्धा. मग कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक पाकीट कोंबून ती ग्रंथालयाच्या उलट दिशेला चालायला लागली, आणि बरंच अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला तर ग्रंथालयातच जायचं होतं. पण परत फिरायचं म्हणजे त्या तंबूवरून जाणं आलं. गेलं खड्ड्यात, असं म्हणून ती चालत राहिली. तसंही तिला अभ्यास करायचाच नव्हता. उद्याच्या पेपरात तिला नापास व्हायचं होतं.

हे तिने आपण होऊन कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच. फेब्रुवारीत पदवी हातात पडली की माणूस विद्यार्थी राहत नाही, आणि नोकरी नसली तर मग तो कुणीच राहत नाही. हे तिला ऐकून माहीत होतं, पण पटलं ते या शरद ऋतूत, एका मुलाखतीत. पाच जणांना एका ओळीत बसवलं होतं. तिच्या शेजारी एक चांगला उंचापुरा मुलगा होता, नवाकोरा टाय लावलेला. समोरच्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता त्याला विचारलं, "तुम्ही गेल्या वर्षी पदवी घेतलीत. मग वर्षभर काय केलंत?" मुलगा म्हणाला, "तयारी करत होतो." "कसली?" मुलगा टाय सरळ करत म्हणाला, "हीच." कुणीतरी फसकन हसलं. त्या मुलाची मान खालून वर लाल होत गेली, ती बोरामने इतक्या जवळून पाहिली की आपल्याच कानशिलांतून रक्त चढतंय असं तिला वाटलं. तिची पाळी आली तेव्हा ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे." तेवढं म्हणताना तिची पाठ आपोआप ताठ झाली होती. ती नोकरी तिलाही मिळाली नाही. पण ते वाक्य तिला हवं होतं. वसंतात पुन्हा मुलाखती सुरू होतील तेव्हा ते तिच्या तोंडात असायलाच हवं होतं, नाहीतर त्या टायवाल्या मुलाच्या खुर्चीत ती बसणार होती. आणि तिच्या विद्यापीठात मुदत वाढवून मागायची सोय नव्हती. राहायचं असेल तर एका विषयात गचकायचं, एवढा एकच रस्ता होता, आणि तो बरेच जण गुपचूप वापरत.

म्हणून तर तिने हा एकच विषय शिल्लक ठेवला होता, 'राहत्या घरांचा इतिहास'. शिकवायला प्राध्यापक कुक, म्हातारे, आणि सढळ हाताने नापास करणारे म्हणून प्रसिद्ध. नापास व्हायला परीक्षेपर्यंत थांबायचीही गरज नव्हती म्हणा. काही तास बुडवले की आपोआप काम झालं असतं. पण गाडी अडली ती तिथेच. बोरामला तास बुडवता येईना! दर आठवड्याला ती ठरवायची, आज नाही जायचं, आणि दर आठवड्याला हजेरीच्या आधी दुसऱ्या बाकावर बसलेली असायची. बारा वर्षांच्या शाळेची पूर्ण हजेरीची प्रमाणपत्रं आईने गावी, जेचॉनच्या बाजारात, दुकानातल्या सुक्या मासळीच्या वर, काचेच्या चौकटीत टांगून ठेवली होती. दुसरीत असताना गोवर निघाला तेव्हा आई तिला पाठीवर बांधून शाळेत घेऊन गेली होती. बाईंनी "बोराम" म्हटलं, ती आईच्या मानेत तोंड खुपसून "हजर" म्हणाली, आणि आई तिला तशीच परत घरी घेऊन आली. अशा पोरीला तास बुडवायला कोण शिकवणार? शिवाय, आणि ही तर लाजच वाटायची गोष्ट, तिला तो तास आवडायला लागला होता. प्राध्यापक कुक चुली, उंबरठे आणि पडव्या यांच्याबद्दल असं बोलायचे की जणू शेजारपाजारच्या भानगडी सांगतायत.

त्या दुपारी शेवटी ती त्यांच्याच खोलीत जाऊन उभी राहिली. एक किंबाप त्यांच्या टेबलावर ठेवलं, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. त्यांनी ते पाकीट उघडून लगेच खायलाही सुरुवात केली. "बोल."

"सर, मला नापास करा."

ते चावायचे थांबले नाहीत. "या वर्षातली तू तिसरी. माझ्या उमेदीत पोरं मार्क वाढवा म्हणून दाराशी रडायची. आता पाडा म्हणून येतात. काय दिवस आलेत!"

"सर, मी मस्करी करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय? हजेरी तुझी पूर्ण. सहामाहीत तू वर्गात दुसरी. तुला पाडू कसा, डोळे झाकून?" त्यांनी तोंड पुसलं. "कोरा पेपर दे. कोऱ्याला मी शून्य देईन, त्याला इलाज नाही. पण काही लिहिलंस तर मला ते वाचावं लागेल आणि वाचलं तर मार्क द्यावे लागतील. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात अजून शिल्लक आहे. जा आता, मला खाऊ दे."

इतकं सोपं होतं तर. ती बाहेर पडली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. बाकी काही नाही, त्या सहामाहीतल्या दुसऱ्या नंबराने घोळ केला होता. हे तिला ठाऊकच नव्हतं. कित्येक महिन्यांत तिला कुणी दुसरी म्हटलं नव्हतं, पहिली तर नाहीच. कंपन्यांकडून आलेली पत्रं सगळी एकाच तोंडाची होती, आपली पात्रता उत्तम आहे, तथापि. त्या 'तथापि'च्या आधी काय लिहिलंय ते वाचायचंच तिने सोडून दिलं होतं. जिन्यात फोन वाजला. आई.

"अगं, जेवलीस का? आणि ऐक, तुझ्या बाबांनी सूट शिवायला टाकलाय! मी म्हटलं, एका दिवसासाठी कशाला, मेहुण्यांचा आणा मागून, तर माझ्यावरच डाफरले. जन्मभर सिमेंटची गाडी हाकली, म्हणे, पोरीच्या पदवीच्या फोटोत तरी धूळ नको."

"आई, अजून परीक्षा व्हायचीय."

"मग? तू काय नापास होणारेस?" आई स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसली. "आणि ते नोकरीचं? शेवटच्या फेरीचं कळवलं का त्यांनी?"

"कळवतील," बोराम म्हणाली. त्यांनी कळवून महिना होऊन गेला होता.

"कळवू देत, कळवू देत. मी आपली समोरच्या टोफूवालीला सांगून बसलेय. तिच्या मुलाचं एवढं कौतुक ऐकवते ना मला! म्हटलं, आमचीही बसतेय आता खुर्चीत."

फोन बंद झाला तरी बोराम तो कानाला लावून जिन्यात उभीच राहिली. नापास झाल्यावर आईला काय सांगायचं हे तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं, सर फार कडक आहेत, खडूस आहेत, अर्ध्या वर्गाला उडवलं. ते ती मनात घोळवून पाहायला लागली, तर प्रत्येक वेळी प्राध्यापक कुक किंबाप खाताना दिसायचे आणि वाक्य फसायचं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, आणि म्हणे मुलाखती देणार.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीत हारिन तिची वाट पाहत बसली होती. हारिन दुसऱ्या वर्षाची, बडबडी, गोलमटोल. वरची श्रेणी वर्गातल्या ठराविक जणांनाच मिळते, आणि हारिनला ती हवीच होती, कारण तिला एक सत्र परदेशात शिकायला जायचं होतं. सरांखेरीज बोरामचा बेत एकट्या तिलाच ठाऊक होता. कॉफी पिताना बोरामच्या तोंडून निसटलं होतं. तेव्हापासून हारिन तिच्याशी फार प्रेमाने वागायची. "ताई, ठरल्याप्रमाणे ना?" ती आत्ता कानाशी येऊन कुजबुजली. "तुम्ही शेवटच्या नंबराला सतरंजी घातलीत की मी एक पायरी वर. सहामाहीत माझ्या वर तुम्हीच होतात, मी सरांना विचारलंय!" बोराम म्हणाली, "घालते गं बाई, घालते." विनोद म्हणून ठीक होता. पण बाकावर बसल्यावर तिला वाटायला लागलं की आपण खरंच जमिनीवर पसरलो आहोत आणि ही सगळी पोरं बूट न काढता आपल्यावरून चालत पलीकडे जातायत.

प्राध्यापक कुक आले, आणि नेहमीप्रमाणे खडूने फळ्यावर एकच प्रश्न लिहून मोकळे झाले. 'तुम्ही राहिलेली एक खोली घ्या. तिची जमीन कशी तापायची ते सांगा. आणि त्या तापण्यामुळे घरातलं कोण कुठे झोपायचं, तेही सांगा.' वर्गात हाय हाय झाली. कुणीतरी म्हणालं, "सर, आमच्या फ्लॅटमध्ये बटण दाबलं की तापते." "मग बटणाबद्दल लिही," सर म्हणाले. बोरामने नाव लिहिलं. साल लिहिलं. अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत, तेवढा वेळ काढायचा होता. ती खिडकीकडे पाहायला लागली. बाहेर गिंकोची झाडं पार ओकीबोकी झाली होती आणि एक माळी पाचोळा पोत्यात भरत होता. चहूबाजूंनी पेनांची खरखर सुरू झाली. तिचा उजवा हात बाकावर नुसता पडून होता आणि तिला तो सहन होईना. मुंग्या आल्यासारखा झाला होता. तिने तो मांडीखाली दाबून धरला. आयुष्यात असा एकही पेपर नव्हता ज्यात हा हात रिकामा बसला होता. येत नसेल तिथेही त्याने काही ना काही खरडलं होतं. आणि इथे तर येत होतं! येत होतं म्हणजे काय, हा प्रश्न जणू तिच्या घरात डोकावून कुणीतरी काढला होता.

नुसता कोरा कागद सरांच्या हातात कसा द्यायचा? हे तिला त्याच क्षणी सुचलं आणि हायसं वाटलं. कोरा देणारेही तसं कधी देत नाहीत. ज्याला काही येत नाही तोसुद्धा शेवटी दोन-चार ओळी माफीच्या लिहितो, तेवढी रीत पाळावीच लागते. माफीला काही कुणी मार्क देत नाही. तिने हात मांडीखालून काढला. 'सर, माफ करा. मी कोरा पेपर देते आहे. तुमच्या शिकवण्यात काहीही कमी नव्हतं.' एवढ्यावर थांबायचं होतं. पण वाचून पाहिलं तर ते उद्धट वाटलं, जणू तिने वर्षभर झोपाच काढल्या. 'प्रश्न अवघड आहे म्हणून नव्हे,' तिने पुढे लिहिलं, 'तो मला येतो. आमची खोली दुकानाच्या मागे होती.' आणि आपण खोटं बोलत नाही एवढं सरांना कळावं म्हणून तिने आणखी एक ओळ लिहिली, की कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या आई लांब चिमट्याने चुलीत सारायची, आणि खालची जळून पांढरी झालेली वडी वरच्या ताज्या वडीला चिकटली की ती लाटण्याने ठोकून सोडवायची.

मग त्या खोलीचं दारच उघडलं. चुलीची धग भिंतीखालून आत यायची, जमिनीखाली रचलेल्या दगडी वाटांतून पसरत जायची, जाताना थकायची आणि मागच्या भिंतीतल्या धुरांड्यातून बाहेर पडायची. म्हणून चुलीकडची जमीन इतकी तापायची की वरचा तेलकट कागद करपून तपकिरी झाला होता, आणि दाराकडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या वाडग्यातलं पाणी सकाळी गोठलेलं असायचं. एकच खोली, चार ढांगांत संपणारी, आणि तिच्यात दोन हंगाम. करपलेल्या जागेवर रजईखाली बाबांच्या भाताचा वाडगा, झाकण लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. सिमेंटची गाडी डोंगरातून केव्हा परतेल त्याचा नेम नसायचा. त्या वाडग्याला पाय लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, तरी बोराम झोपेत तळवे हळूच तिकडे सरकवायची आणि तो ऊन ऊन वाडगा पायांना लागला की तिला वाटायचं, बाबा आलेच. वाडग्याच्या अलीकडे ती, पलीकडे बाबांची जागा. आणि सर्वांत शेवटी, दाराला लागून, आई. 'आई दाराकडे झोपायची,' तिने लिहिलं, 'कारण तिला गरम सोसत नाही. ती नेहमी तसं म्हणायची.'

तिथे पेन थांबलं. आईला गरम सोसत नाही? आता नव्या फ्लॅटमध्ये सगळी जमीन सारखी तापते, तर आई ते बटण पार शेवटापर्यंत फिरवते. बाबा ओरडतात, भाजून काढतेस काय आम्हाला, आणि आई पायांत मोजे घालून, रजई ओढून, जमिनीला पाठ चिकटवून पडते आणि म्हणते, अहाहा. हे दोन्ही बोरामला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. पण एकाशेजारी एक ठेवून तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मागून कुणी पाहील म्हणून तिने मान इतकी खाली घातली की नाक कागदाला टेकलं. ती पुन्हा लिहायला लागली, भराभरा, आता ती सरांनाही लिहीत नव्हती.

"वेळ संपली," कुणीतरी म्हणालं. तिने पाहिलं तर कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं. अजून पेन हातात होतं. आडवी एक रेघ मारली असती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तरी काम झालं असतं. तिने पेन टेकवलंसुद्धा. बाबांची जागा, आईची जागा, सगळं त्या रेघेखाली येणार होतं. हात हलेना. कागद गोळा करणाऱ्या पोराने तो तिच्या बोटांतून ओढून घेतला.

"ताई!" हारिन बाहेर पॅसेजमध्ये तिच्या अंगावरच आली. "तुम्ही लिहीत होतात! मी पाहिलं ना! शेवटपर्यंत मान वर केली नाहीत!"

"माफी लिहीत होते."

"दोन्ही बाजूंना? एवढी कसली माफी? खून केलात का कुणाचा?"

बोरामला हसू आलं आणि ते भलत्याच आवाजात बाहेर पडलं, तशी हारिन घाबरून एक पाऊल मागे सरली. "तुला मिळेल गं तुझी श्रेणी," बोराम म्हणाली, आणि हे आपण कशाच्या जोरावर बोलतो आहोत हे तिला मुळीच कळत नव्हतं.

सुट्टी लागली आणि ती जेचॉनला आली. घरी कुणी काही विचारलं नाही, त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. निकाल लागायचा होता. दिवसभर ती दुकानात आईच्या हाताखाली लोणच्याचे मुळे चिरायची, डबे भरायची, आणि फोन थरथरला की सुरी टाकून आधी तो पाहायची. पास झालो तर काय आणि नापास झालो तर काय, दोन्हीकडून विचार करून करून तिचं डोकं भणभणून गेलं होतं. बाबा एका दुपारी नवा सूट घालून दुकानात आले आणि गिऱ्हाइकांसमोर लाजत एक गिरकी घेऊन परत गेले. त्याच दुपारी फोन आला. ती दुकानाबाहेर, कोबीच्या रिकाम्या करंड्यांपाशी गेली.

"कुक बोलतोय. मला आज मार्क भरायचेत आणि तुझ्यापाशी गाडी अडलीय," प्राध्यापक म्हणाले. "वर म्हणतेस, मी कोरा पेपर देते. खाली वर्गातलं सर्वांत चांगलं उत्तर आहे. मला उद्देशून लिहिलेली माफी म्हणून वाचलं तर ते उत्तर नव्हे, आणि तू नापास, तुला हवं होतं तसं. उत्तर म्हणून वाचलं तर तू पहिली. मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा वेगळं वाटलं. तूच सांग, काय आहे ते?"

समोर टोफूवालीच्या पातेल्यातून वाफा निघत होत्या. बोरामच्या डोळ्यांपुढे तो टायवाला मुलगा आला, त्याची लाल होत गेलेली मान. 'माफी' एवढंच म्हणायचं होतं. अर्ध्या वर्षाची निश्चिंती. मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. तिने तोंड उघडलं.

"उत्तर आहे, सर."

"नक्की?"

"नक्की नाही," ती म्हणाली, "पण उत्तर आहे."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

 धीर यायची वाट पाहिली असती तर ती आत गेलीच नसती, एवढं तिला स्वतःविषयी माहीत होतं. ती तशीच आत घुसली. टोफूवाली गल्ला सोडून आईशी गप्पा मारायला येऊन बसली होती. असू दे. "आई, मी पास झाले," बोराम एका दमात म्हणाली. "फेब्रुवारीत पदवी मिळेल. पण नोकरी नाहीये. शेवटच्या फेरीत त्यांनी केव्हाच नकार दिलाय, मी तुझ्याशी खोटं बोलले. आणि पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. आणि मी मुद्दाम नापास व्हायला निघाले होते, कॉलेजात राहता यावं म्हणून. तेही जमलं नाही."

टोफूवालीचा आ वासला. आईचे हात तिखटाने कोपरापर्यंत लाल होते. ती उठली, बोरामच्या मागे गेली आणि तिने तिच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की बोराम दोन पावलं पुढे गेली.

"हा नोकरीचा नाही हां," आई म्हणाली.  "नोकरी काय, आज ना उद्या लागेल, नाही लागली तर बघू. हा स्वतःला पाडायला निघालीस ना, त्याचा." आणि टोफूवालीकडे वळून ती म्हणाली, "काय बघतेस? पहिल्यांदा काय म्हणाली ती ऐकलं नाहीस का? पास झालीय."

"पहिली आलेय, आई," बोराम म्हणाली. पाठीवर पाच बोटं भगभगत होती, स्वेटरवर तिखटाचा पंजा उमटला असणार. तिला आता रडू फुटत होतं आणि ते आवरायची तिला गरज वाटली नाही.

"मग ते आधी सांगायचं ना, मूर्ख पोरी," आई म्हणाली, आणि गिऱ्हाईक उभं होतं म्हणून हात पुसायला फडकं शोधायला लागली.